बारा अंशांची चूक

मी एक जुना कोनमापक आहे, मित्रांनो. पण लगेच तुमच्या कंपासपेटीतला तो अर्धगोल, पारदर्शक कोनमापक डोळ्यांपुढे आणू नका. तो फार तर माझा चुलत भाऊ. मी पोलादाचा आहे. मला वीतभर लांबीचे दोन चपटे हात आहेत. ते एका टोकाशी पितळी खिळ्याने जोडलेले आहेत. एका हाताच्या त्याच टोकाला, खिळ्याभोवती, गोल तबकडी आहे, तिच्यावर शून्यापासून एकशेऐंशीपर्यंत बारीक रेघा आहेत, आणि दुसऱ्या हाताला तिच्यावर फिरणारा काटा आहे. कागदावरचे त्रिकोण मी जन्मात मोजले नाहीत. मी माणसांचे सांधे मोजतो. कोपर किती दुमडतं, खांदा किती वर जातो, गुडघा किती वाकतो, हे सांगणं माझं काम.

माझा जन्म एका पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात झाला. तिथे दिवसभर यंत्रांचा इतका गोंगाट असे की कारागीर एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलत. एका यंत्राने मला कापलं, दुसऱ्याने घासलं, तिसऱ्याने माझ्या तबकडीवर रेघा कोरल्या. चष्मा लावलेल्या एका बाईंनी त्या रेघांत काळा रंग भरला आणि वरचा रंग कापसाने अलगद पुसून घेतला. शेवटी एका म्हाताऱ्या तपासनिसांनी मला कानाजवळ धरून वीस वेळा उघडलं, वीस वेळा मिटलं. "आवाज नाही. हा चांगला," एवढंच म्हणून त्यांनी मला खोक्यात ठेवलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

तिथून मी ताईंकडे आलो. ताई म्हणजे व्यायामाने उपचार करणाऱ्या डॉक्टर. औषधाची गोळी नाही, सुई नाही. मोडलेल्या, आखडलेल्या, अडलेल्या माणसांना पुन्हा हलायला शिकवायचं, हा त्यांचा धंदा. त्यांचा दवाखाना म्हणजे शटरचा एक गाळा होता. आत दोन खाटा, एक मोठा आरसा, धरून चालायला दोन समांतर दांडे, भिंतीला कप्प्या आणि दोर, वाळूच्या पिशव्या आणि एक भला मोठा निळा चेंडू. मी टेबलाच्या पहिल्या खणात राहायचो.

आता जरा माझ्याकडे नीट बघा. माझे दोन हात ही दोन हाडं समजा, आणि खिळा हा सांधा. दिसायला सगळं आहे. पण मला टेबलावर ठेवलंत, तर वर्षभर मी तसाच पडून राहीन. कारण मला ओढणारं कुणी नाही. तुमची हाडंही एकटी असती तर तशीच पडून राहिली असती. दोनशे सहा हाडांचा तो ढिगारा हलतो, कारण त्याला सहाशेच्या वर स्नायू बांधलेले आहेत.

"स्नायूला एकच काम येतं," ताई प्रत्येकाला सांगायच्या, "ओढायचं. ढकलणं त्याच्या गावीही नाही."

म्हणून स्नायू जोडीने राहतात. तुम्ही पाण्याचा पेला तोंडाजवळ नेता, तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आखडून आखूड होतो, कोपरापुढचं हाड वर ओढतो, आणि दंडाचा मागचा स्नायू गपचूप सैल सुटतो. पेला खाली नेऊन हात ताठ करायचा असला की मागच्याने ओढायचं, पुढच्याने सोडायचं. दोघांनी एकदम हट्ट धरला तर हात जागच्या जागी ताठ राहतो, आणि तुम्ही तहानलेले. स्नायूचं टोक हाडाला जिथे बांधलेलं असतं, तिथे तो पांढऱ्या, चिवट दोरीसारखा होतो. टाचेच्या वर चिमटीत धरून बघा, ती दोरी तुमच्या हाताला लागेल.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही. माणसांच्या त्वचेवर टेकून, आतली ओढ ऐकून मला ते कळलं. आणि माझा आकडा ऐकायला माणसं कशी कान टवकारायची! परीक्षेचा निकाल असावा तसं "किती आले, ताई?" असं विचारायची. ताई मला सगळ्यांसमोर 'आमचा पंच' म्हणायच्या. पंच म्हणजे कुणाच्या बाजूचा नाही, दिसेल ते सांगणारा. मला त्याचा अभिमान होता, मित्रांनो. जरा जास्तच होता.

अशाच एका सकाळी मिस्त्री आले.

फरशी बसवणारे मिस्त्री. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. नखांच्या कडांना पांढरं सिमेंट कायमचं वस्तीला आलेलं. काखेत कुबडी, उजवा पाय काठीसारखा सरळ. सोबत त्यांची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती आणि आता निवृत्त झाली होती. नोकरी सुटली तरी आवाज काही सुटला नव्हता. दोघं भावंडं एकाच घरात राहायची.

"बसा मिस्त्री. कसं पडलात?" ताईंनी विचारलं.

"फरशीची पेटी घेऊन जिना चढत होता," अक्का म्हणाली. "पायरी ओली. पेटी सोडली असती तर सावरला असता. पण हा पेटी सोडणारा आहे होय! गुडघ्यावर आपटला. पेटीतली एक फरशी फुटली नाही, ह्याची वाटी मात्र फुटली."

"अक्का, त्या मला विचारतायत."

"मग सांग की! मी कुठे तुझं तोंड धरलंय?"

मिस्त्रींनी कुबडी भिंतीला टेकवली. अक्काने सांगितलं त्यात भर घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गुडघ्याच्या पुढे जे गोल, सरकतं हाड असतं ना, तीच वाटी. मिस्त्रींच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते. मोठ्या दवाखान्यात ते तारेने बांधून दिले होते आणि पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. हाड जुळलं होतं. तरी पाय ऐकत नव्हता.

"हाड जुळलं, मग वाकत का नाही?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांचा तो पहिला प्रश्न.

ताई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "दुसऱ्या मजल्यावर सिमेंटची घमेली कशी चढवता?"

"कप्पीवरून दोर टाकून."

"ही वाटी म्हणजे तुमची कप्पी. मांडीचा पुढचा मोठा स्नायू हा दोर. तो वाटीवरून खाली येतो आणि नडगीच्या हाडाला बांधलेला असतो. त्याने ओढलं की पाय सरळ होतो. वाकवायचं काम मांडीच्या मागच्या स्नायूंचं. मागच्यांनी ओढायचं आणि पुढच्याने सैल सोडायचं. तुमची कप्पी दुरुस्त झाली. पण दोर सहा आठवडे एकाच जागी पडून आखडलाय, वाळलाय."

त्यांनी फितीने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी चार सेंटिमीटरने बारीक भरली. मिस्त्री स्वतःच्या मांडीकडे दुसऱ्याच कुणाची असल्यासारखं बघत राहिले.

मग ताईंनी मला उचललं. माझा खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक हात मांडीच्या रेषेत, दुसरा घोट्याकडे. "वाकवा. जमेल तेवढं."

मिस्त्रींनी दात आवळले. मांडी थरथरली.

"अडतीस," ताई म्हणाल्या.

"पास व्हायला किती लागतात?" अक्काने विचारलं.

"खुर्चीवर बसायला नव्वद. जिना उतरायला शंभरच्या आसपास."

"उकिडवं बसायला?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

ताईंनी मला मिटून बाजूला ठेवलं. "एकशे तीसच्या पुढे."

"ते आलं नाही तर माझं काम संपलं, ताई. फरशी उभ्याने बसवत नाहीत. ठेकेदार म्हणतोय, गोदामाच्या दाराशी राखणदाराची खुर्ची देतो. नुसतं बसायचं." ते स्वतःच्या हातांकडे बघून म्हणाले, "हातांना काय सांगू?"

ताईंनी खोटा धीर दिला नाही. "बघू या," म्हणाल्या आणि व्यायाम शिकवायला लागल्या. जमिनीवर बसायचं, भिंतीला पाठ टेकायची, टाच जमिनीवरून हळूहळू आपल्याकडे सरकवायची. मग पाय सरळ करून मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा आणि दहा मोजायचे. दिवसातून चार वेळा.

पुढच्या आठवड्यात मी बावन्न दाखवले. त्याच्या पुढच्या आठवड्यात चौसष्ट. अक्काने आख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं "चौसष्ट!" म्हटलं आणि दांड्यांना धरून चालणारे निवृत्त पोस्टमन दचकून थांबले. मिस्त्रींच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. तेवढंच, पण मी पाहिलं.

त्याच आठवड्यात मी पडलो.

कुणाची चूक नव्हती. सफाईच्या मावशींनी झाडायला टेबल सरकवलं, खण अर्धवट उघडा होता, मी खाली सिमेंटवर आपटलो आणि चाकांचं स्टूल माझ्यावरून गेलं. मावशींनी मला उचललं, पदराने पुसलं आणि पुन्हा खणात ठेवलं. वरून एक ओरखडासुद्धा दिसत नव्हता. पण माझ्या खिळ्याभोवतीचं भोक झिजलं होतं आणि काट्याचं टोक वाकलं होतं. मिटलेला असताना मी पूर्वीसारखाच सरळ दिसे. उघडलं, की काटा थोडा मागे रेंगाळे. दर दिवशी खिळा आणखी ढिला होत होता आणि काटा आणखी मागे राहत होता. मला काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटे. वय झालं, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या भेटीत मिस्त्रींच्या गुडघ्यावर मी बासष्ट दाखवले.

"दोनने कमी?" ताई म्हणाल्या. "असू दे. एखादा दिवस तसा असतो."

आठवड्याने साठ.

ताईंनी वही उघडली, मागचे आकडे पाहिले. दिवसभर पेशंट बघून त्या दमल्या होत्या. तरी त्या हळूच बोलल्या, आणि तेच जास्त लागलं. "मिस्त्री, घरी व्यायाम होतोय ना?"

"होतोय."

"आकडा तर मागे चाललाय. खरं सांगा. मी रागावणार नाही."

मिस्त्रींनी आधी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर गुंडाळलेला लेंगा त्यांनी खाली सोडला, कुबडी काखेत घेतली आणि गेले. अक्का त्यांच्या मागोमाग निघाली.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. अक्का एकटीच आली. बसमध्ये गर्दीतून वाट काढावी तशी पेशंटमधून वाट काढत ती सरळ टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"डॉक्टरीणबाई, माझ्या भावाने ठेकेदाराला निरोप पाठवलाय. राखणदाराची खुर्ची घेतो म्हणून. सोमवारपासून."

ताईंच्या हातातलं पेन थांबलं. "का?"

"का म्हणजे? तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात."

"मी असं नाही म्हणाले, अक्का."

"म्हणाला नाहीत. विचारलंत. त्याला दोन्ही एकच." अक्काचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मी तीस वर्षं माणसांचे चेहरे बघून ओळखलंय, कुणी तिकीट काढलंय आणि कुणी नाही. माझा भाऊ फुकट्या नाही. दिवसातून चार वेळा सांगितलंत, तो सहा वेळा करतो. दात खाऊन करतो. टाच जिथवर येते तिथे फरशीवर पेन्सिलीने रेघ मारतो. सगळ्या रेघा मागे मागे आल्यात, भिंतीकडे. एकही पुढे गेलेली नाही. मग तुमचाच आकडा कसा घसरतो, सांगा!"

ताईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी खण उघडला, मला हातात घेतलं आणि पालथं-सुलथं करून पाहिलं. "संध्याकाळी मी घरी येते," त्या म्हणाल्या. "हा पण येईल."

मी पहिल्यांदाच कुणाच्या घरी गेलो. मिस्त्रींचं घर दोन खोल्यांचं, पण जमीन अशी की नजर हटू नये. तीस वर्षांत ठिकठिकाणच्या कामांवर उरलेल्या एकेक-दोनदोन फरश्या त्यांनी आणून बसवल्या होत्या. करडी, तांबडी, ठिपक्यांची, नक्षीची. एकीचा रंग दुसरीशी जुळत नव्हता, पण सांधे असे सरळ होते की एका टोकाला दोरी धरली तर दुसऱ्या टोकापर्यंत केसाएवढा फरक सापडला नसता. भिंतीजवळच्या एका पिवळट फरशीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. शेजारी बारीक अक्षरात तारखा.

ताई खाली बसल्या आणि रेघा बोटाने मोजू लागल्या. एकोणीस होत्या.

"कशाला त्रास घेतलात," मिस्त्री म्हणाले. "माझं ठरलंय."

"ठरू दे. एकदा टाच सरकवा."

मिस्त्रींनी भिंतीला पाठ लावली आणि टाच ओढली. ती शेवटच्या रेघेवर येऊन थांबली, मग दात आवळल्यावर बोटभर आणखी आत आली. ताईंनी मला गुडघ्याला लावलं.

"साठ," त्या पुटपुटल्या.

"वाजतोय हा," मिस्त्री म्हणाले.

"कोण?"

"तुमचा हा. उघडताना खट करतोय. बघू इकडे."

त्यांनी मला हातात घेतलं. मित्रांनो, त्या हातात मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी मला उघडलं, मिटलं, कानाजवळ नेलं, काटा नखाने हलवून पाहिला. "अक्का, माझी पिशवी दे." पिशवीतून त्यांनी गुण्या काढला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचा लोखंडी एल. गवंडी, सुतार, फरशीवाले, सगळ्यांचा त्याच्यावर भरवसा. त्यांनी माझे दोन्ही हात गुण्याच्या दोन भुजांना घट्ट लावले. आता मी नव्वद दाखवायला हवे होते. त्यापेक्षा एकही अंश कमी नाही, जास्त नाही.

तिघांची डोकी माझ्यावर वाकली. काटा अठ्ठ्याहत्तरवर उभा होता.

पोलादाला लाज वाटत नाही असं लोकांना वाटतं. मला त्या क्षणी खोक्यात परत जावंसं वाटलं. एका माणसाने रोज सहा वेळा दात खाऊन जे मिळवलं होतं, ते मी पंच म्हणवून घेत त्याच्याकडून काढून घेतलं होतं. बारा अंश.

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "मी ह्याला कधी तपासलंच नाही. तपासलं ते तुम्हाला. मिस्त्री, मला माफ करा."

मिस्त्री बराच वेळ गुण्या पुसत राहिले. "माझी पातळी मोजायची पट्टीपण सरकते कधी कधी," ते शेवटी म्हणाले. "म्हणून मी रोज सकाळी आधी ती तपासतो, मग काम. तुम्ही नाही तपासत?"

"आजपासून."

त्यांनी मला एका लोखंडी ठोकळ्यावर ठेवलं. छोट्या हातोडीने खिळ्याच्या डोक्यावर हलके हलके ठोके दिले, तीन या बाजूने, तीन त्या बाजूने. काट्याचं टोक पकडीत धरून सरळ केलं. पुन्हा गुण्याला लावलं. नव्वद. पुन्हा. नव्वद. उघडलं, मिटलं. आवाज नाही.

"आता मोजा," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. टाच सरकवताना त्यांनी श्वास रोखला होता. अक्कानेही रोखला होता.

"बहात्तर."

"बघा!" अक्का एवढ्यांदा ओरडली की शेजारचं दार उघडलं. तिने माझ्याकडे बोट रोखलं. "म्हणजे विनातिकिटाचा हा निघाला!"

मिस्त्री हसले. मग तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघू लागले. अक्काने त्यांना काही न विचारता फोन उचलला आणि ठेकेदाराला सांगितलं, "ती खुर्ची तुमच्याकडेच ठेवा. आमचा माणूस बसून राहणारा नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंनी शटर उघडण्याआधी वही काढली. मी पडल्यापासून जेवढ्यांना मोजलं होतं त्या अकराही जणांना त्यांनी फोन केले. "आकडा चुकला होता, चूक माझी, पुन्हा मोजायला या," असं प्रत्येकाला सांगितलं. कुणी चिडलं, कुणी हसलं. केस कापणाऱ्या एका बाईंचा खांदा कागदावर अडकून पडला होता, प्रत्यक्षात चांगला वर येत होता. त्या आरशासमोर स्वतःचा हात वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तरी मला वाटतच होतं!"

मिस्त्री पुन्हा येऊ लागले. ऐंशी, नव्वद, एकशे पाच. ते खुर्चीवर बसू लागले, कुबडी कोपऱ्यात गेली. पण एक नवीन अडचण आली. गुडघा वाकायचा, पण खाली बसताना मध्येच ते धपकन पडायचे.

"वाकतोय तर मग बसता का येत नाही?" ते वैतागून म्हणाले. "खाली जायला जोर लागतो कुठे?"

"लागतो. वर चढवलेलं घमेलं खाली उतरवताना दोर एकदम सोडता का?"

"नाही. हात भाजतील आणि घमेलं फुटेल. हळूहळू सोडतो."

"तेच. खाली बसतानासुद्धा मांडीचा हाच पुढचा स्नायू काम करतो. ओढत असतो आणि ओढता ओढता हळूहळू लांब होत जातो. तुमचं सगळं अंग तो दोराने खाली उतरवत असतो. तो अजून कमजोर आहे, म्हणून दोर हातातून सुटतो."

मिस्त्रींना हे पटलं. मग सुरू झालं उंच स्टुलावर बसणं-उठणं, मग त्याहून बुटक्यावर, मग आणखी बुटक्यावर. ताई समजावत, की उठताना मांडी एकटी नसते. बैठकीचा मोठा स्नायू कमरेला सरळ करतो, पोटरी घोट्याला आवरते, पाठीचे स्नायू कणा धरून ठेवतात. ह्यातल्या एकाने कामचुकारपणा केला की बाकीच्यांवर भार पडतो. "म्हणजे आमच्या कामावरच्यासारखंच," मिस्त्री म्हणाले. फितीने पुन्हा मांडी मोजली. चार सेंटिमीटरचा फरक आता एकावर आला होता.

एकशे अठरा. एकशे सव्वीस. आणि मग काटा तिथेच थांबला.

एक महिना, दोन महिने, एकशे सव्वीस. आता दर सोमवारी सकाळी ताई मला भिंतीवर आखलेल्या काटकोनाला लावून तपासत, त्यामुळे चूक माझी नव्हती. त्यांनी मिस्त्रींना समोर बसवलं. "कदाचित इतकंच येईल. वाटी फुटली तिथे आत थोडी खडबडीत राहिलीय. मी आणखी प्रयत्न करीन, पण तुम्हाला अंधारात ठेवणार नाही."

अक्का काही बोलणार होती. मिस्त्रींनी हात वर केला. ते म्हणाले, "खोली फरशीच्या मापाने बांधलेली नसते, ताई. शेवटची ओळ कापूनच बसवावी लागते." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी एक लाकडी बैठक बनवली, वीतभर उंचीची, खाली चार छोटी चाकं असलेली. तिच्यावर बसायला एकशे वीस अंश पुरत होते.

त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. तीन महिन्यांनी अक्का येऊन सांगून गेली, "बस डेपोच्या नव्या प्रतीक्षालयाचं काम मिळालंय. या बघायला." ताईंनी मला पर्समध्ये टाकलं. मोजायला हवंच होतं.

प्रतीक्षालय लांबलचक होतं. अर्ध्या जमिनीवर फरशी झाली होती, अर्ध्या जमिनीवर सिमेंट-वाळूचा ओला माल पसरलेला. दाराशी अक्का उभी. तिला कुणी कामावर ठेवलं नव्हतं, तरी ती आत शिरू बघणाऱ्या प्रवाशांना "मागे सरका, मागे! ओल्यावर पाय नको!" असं बजावत होती. आयुष्यभर पुढे सरका म्हटलेल्या बाईला ते म्हणताना मोठी गंमत वाटत असावी.

मिस्त्री आपल्या बैठकीवर होते. पर्सची चेन अर्धी उघडी होती, तिच्यातून मी पाहिलं. त्यांनी फरशी मालावर टेकवली, रबरी हातोडीने चार कोपऱ्यांना ठोकली, कान लावून आवाज ऐकला. चाकांवर मागे सरकले. मग पुढची पेटी घ्यायला उठले. कशालाही न धरता, हात मोकळे ठेवून. मांडीच्या पुढच्या स्नायूने वाटीवरून दोर ओढला, मागच्यांनी सैल सोडलं, बैठकीच्या स्नायूने कंबर उचलली, पोटरीने घोटा सावरला, आणि दोनशे सहा हाडांचा माणूस सरळ उभा राहिला. तिथल्या कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतंच.

ताईंचा हात पर्समध्ये आला. बोटं माझ्या खिळ्यावर टेकली. क्षणभर तिथे थांबली. मग हात रिकामाच बाहेर गेला.

"मोजायचं नाही का?" मिस्त्रींनी लांबून विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही काम करा. माल सुकेल."

मला न उघडताच बरा ठरलेला तो माझा पहिला माणूस. पर्सच्या अंधारात मी गप्प पडून होतो आणि बाहेर ठक ठक चालू होती. इतकं हलकं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

आता माझ्या रेघांतला काळा रंग बराच उडालाय. ताईंकडे कोन सांगणारं नवं यंत्र आलंय, ते आकडा उजेडात लिहून दाखवतं. तरी सोमवारी सकाळी ताई आधी त्याला तपासतात, मग मला, आणि मग पहिल्या पेशंटला आत बोलावतात. शिकायला येणाऱ्या मुलींना त्या सांगतात, "माणूस प्रयत्न करत नाही असं म्हणायच्या आधी आपली पट्टी बघा." मुली वहीत लिहून घेतात. मला ते ऐकून अजूनही थोडं ओशाळायला होतं. पण बरंही वाटतं.

आणि मित्रांनो, तुमच्या पायांत, हातांत, पाठीत जे ओढणारे आहेत, त्यांना नुसतं पडून राहू देऊ नका. ते आळशी नाहीत, पण न बोलावता येतही नाहीत. फार दिवस हाक आली नाही तर वाळून जातात. तुम्ही बराच वेळ एका जागी बसून माझं ऐकलंत. आता उठा. उठताना मांडीवर हात ठेवा, आत एक दोर ताणलेला लागेल. तो लागला, की पुन्हा खाली बसा. पण धपकन नाही, हळूहळू.